पंख्यातली काडी

"माझं कडवं राहू द्या गं पोरींनो. माझा गडी अजून पाण्यावर आहे."

हा आवाज मी टेबलाखाली बसून ऐकला होता. पाच-सहा वर्षांची असेन. डोक्यावर फळ्यांचं छप्पर, त्यावर ओलं घोंगडं आपटत होतं, धप्प धप्प, आणि फटींतून गळणारं पाणी माझ्या मानेवर थेंबाथेंबानं उतरत होतं. भोवती नुसते बायकांचे गुडघे. नवं विणलेलं लोकरी कापड असं गाऊन गाऊन बडवलं की घट्ट होतं, मग वारा त्यातून आत शिरत नाही. आमच्या कॅनडातल्या केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर त्याशिवाय हिवाळा निघत नसे. बडवून झालं की घडी घालताना टाळ्यांचं गाणं व्हायचं. म्होरकी एकेका पोरीचं नाव घ्यायची आणि तिच्या नावाला एका पोराचं नाव जोडायची. पोरीला तो नको असला तर ती गाण्यातच त्याला परत धाडायची, आणि भिंतीला टेकून बसलेले बापे हसून हसून लोळायचे.

उतारावरून कोण येई,
कॅसीचा हात कोण घेई?
घोडा सोडून नील येई,
कॅसीचा हात नील घेई.

म्होरकी होती माझी एफी आत्या. तेव्हा एकोणीस वर्षांची. सगळ्यांना तिने उजवून टाकलं आणि मग साऱ्या जणी तिच्यावर उलटल्या, आता तुझं एफी, आता तुझं. तेव्हा ती हसत हसत ते कडवं राहू देण्याचं म्हणाली, आणि घडी घातलेलं कापड छातीशी धरून उठून गेली.

पुढे तिनं डूगल गाडीवानाशी लग्न केलं. डूगल कधी पाण्याच्या वाटेला गेलेला माणूस नव्हता. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. मी मोठी होत गेले तशी ही गोष्ट मला कुसळासारखी टोचत राहिली. पण आमच्याकडे असलं कोणी कोणाला विचारत नाही.

आता मी सांगतेय त्या नोव्हेंबरातल्या दिवशी एफी आत्या चौऱ्याहत्तरची होती आणि तिच्या गळ्यात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हॅलिफॅक्सच्या इस्पितळात न्यायचं होतं. गाठीबरोबर डॉक्टर स्वरयंत्रही काढणार होते. जीव राहणार होता, आवाज जाणार होता.

म्हणूनच लॉकीनं, तिच्या मुलानं, ऑक्टोबरभर तिची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. अल्बर्टाच्या तेलखाणीतून घरी आला तेव्हा त्याच्या ट्रकमध्ये कपड्यांपेक्षा ह्या यंत्राचंच ओझं जास्त. स्वतःच्या हातानं जुळवलेलं. कॉम्प्युटरवरचे खेळ वाऱ्यासारखे पळावेत म्हणून त्यानं दोन डिस्क अशा जुंपल्या होत्या की प्रत्येक गोष्ट निम्मी हिच्यावर, निम्मी तिच्यावर जायची. बडवणीच्या टेबलासारखंच ते, समोरासमोरच्या दोघी कापड एकमेकींकडे ढकलतात तसं. दोघींना जुंपणारी चिप मदरबोर्डवर बसलेली. ती चिप गेली तर दोन्ही डिस्क धडधाकट राहूनही आत्याचं एकही गाणं कुणाला परत मिळणार नव्हतं. सगळी गाणी झाली की एकदमच सीडी करू, असं लॉकी म्हणायचा. ती सीडी व्हायची राहून गेली.

त्या चिपच्या डोक्यावर एक पंखा होता, बटाट्याच्या कापाएवढा. पेटीतले बाकीचे पंखे नुसते घुमायचे, हा किंचाळायचा. डासाची दाढ दुखायला लागली तर तो जसा ओरडेल, तसा. माईक लावला की आत्याच्या गाण्यामागे हा डास. लॉकीनं पेटीवर उशी ठेवून पाहिली, पेटी टेबलाखाली सारून पाहिली. शेवटी समोरच्या घरातल्या मर्डोनं आइस्क्रीमची चपटी काडी घेतली आणि पंख्याच्या मधल्या गोल बोंडावर हलकेच टेकवली. पंखा थांबला. स्वयंपाकघरात अशी शांतता झाली की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.

"एका गाण्यापुरतं सोसेल ती चिप," लॉकी म्हणाला. "गाणं संपलं की लगेच काडी उचलायची. विसरलास तर भाजून निघेल."

तेव्हापासून तेच मर्डोचं काम. उघड्या पेटीशी तिपाईवर बसायचं, लॉकीनं मान हलवली की काडी टेकवायची, आत्यानं शेवटचा सूर सोडला की उचलायची, आणि काडी सदऱ्याच्या खिशात. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोराच्या आधारानं खाडी पार करणाऱ्या केबल फेरीवर उभी उमर काढलेला, एकटा. आत्या त्याला म्हणायची, "जन्मभर दोर धरून बसलास मर्डो, आता काडी धर." तो म्हणायचा, "दोर बरा होता. तो गात नव्हता." आणि दोघं चहा प्यायचे.

मग तो दिवस आला. सकाळी शेवटचं गाणं झालं, टाळ्यांचं. आत्याचा गळा तोवर फाटत आला होता, तरी गावातल्या साऱ्या जुन्या पोरी तिनं पुन्हा एकदा उजवल्या, त्यातल्या किती तरी मातीखाली गेलेल्या. आणि नेहमीसारखी आपल्या कडव्याशी येऊन थांबली. लॉकीनं रेकॉर्डिंगचं लाल बटण बंद केलं. मग तो मला आणि मर्डोला ट्रकमधून गावात घेऊन गेला, मला दुकानात आणि मर्डोला दातांच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी परतलो तर स्वयंपाकघरात जळक्या प्लॅस्टिकचा वास, स्क्रीन गोठलेला, आणि पंख्याच्या पात्यांत काडी रुतलेली.

लॉकीनं ती उपटून मर्डोसमोर धरली. "हे काय आहे?"

मर्डोनं काडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं वर माडीकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं, तिथे वरच्या पायरीवर आत्या शाल पांघरून उभी होती.

"काडी आहे," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. काढायची कोणी?"

"मी."

"मग?"

"विसरलो असेन."

लॉकीनं काडी चुलीत टाकली. त्यानंतर तो मर्डोशी बोलला नाही, आणि मर्डो चहाला आला नाही.

तर हॅलिफॅक्सला निघायच्या आदल्या दिवशीची ती दुपार. चूल विझवलेली, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, समुद्रावरचा वारा पडदे फडफडवत आत येत होता. आम्ही सगळे घरात कोट घालून बसलो होतो. चिपला जितकं गार मिळेल तितकं हवं होतं. आत्याला मी दोन घोंगड्यांत गुंडाळून आरामखुर्चीत बसवलं होतं. डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केली होती, आणि बोलण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

"चौथ्यांदा बटण दाबल्यावर उठलाय," लॉकी म्हणाला. जमिनीवर मांडी घालून तो पेटीत डोकावत होता. "आता हा बंद पडला तर परत उठेल का, मला सांगता येत नाही. त्यामुळे बंद करायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

"आणि नवा पंखा?"

"पोस्टात आहे. ओंटारियोहून निघालाय. पण भाजलेल्या चिपवर नवा पंखा बसवून काय होणार? तिला आज जाग आहे, उद्याचं कोण सांगणार? आणि आईला जायच्या आधी ऐकायची आहेत गाणी." तो थांबला. "नंतर ऐकणं वेगळं."

आत्यानं डोळे मिटून मान हलवली.

लॉकीनं पंख्याच्या बोंडावरचा कागद नखानं सोलला, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. पंख्यानं कण्हल्यासारखा आवाज केला, मग फिरू लागला. टेबलावरचा मोठा पंखाही त्यानं पेटीकडे तोंड करून लावला होता, पण चिपवर ग्राफिक कार्डाचं पत्र्यासारखं छप्पर, त्याच्या खाली वारा पोचेना. तिथे त्या बटाट्याच्या कापाशिवाय कोणाचं काम नव्हतं.

शाळेच्या मास्तरांकडून उसनी आणलेली एक डिस्क तारेनं बाहेर जोडली होती. तिच्यावर गाणी उतरवायची. सगळी एकदम नाही. एक गाणं, मग विसावा, मग दुसरं. एका दमात ओढलं तर चिप तापून मान टाकेल, असं लॉकीचं म्हणणं.

"बर्नी, तू पंख्याकडे बघ. थांबला की काडीनं ढकलायचा. हळूच. पातं मोडलं तर संपलं."

मी स्वयंपाकघराच्या खणातून एक काडी शोधून घेतली आणि तिपाईवर बसले.

पहिली तीन गाणी गेली. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायची, शेवटाला पोचायची, लॉकी गाण्याचं नाव वाचायचा आणि श्वास सोडायचा. "मेंढ्या वळवायचं गाणं, आलं." "बोटीचं गाणं, आलं." आत्याची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची. कोपऱ्यात एका खिडकीत चिपच्या उष्म्याचा आकडा दिसत होता, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडकीत. खरी खिडकी माझ्या पाठीशी होती आणि पाठ गारठून लाकूड झाली होती.

चौथ्या गाण्याला पंखा अडखळला.

"थांबला," लॉकी म्हणाला.

मी ढकललं. एक फेरा घेऊन परत थांबला.

"अगं ढकल."

"ढकलतेय ना."

"उलटा ढकलतेयस. कुठल्या बाजूनं फिरतो ते दिसत नाही का?"

"दिसलं असतं तर चष्म्याचा डॉक्टर उपाशी मेला असता. तू ये ना इकडे."

"आणि स्क्रीन कोण बघणार, मांजर?"

पंख्यानं कसाबसा फेरा धरला. तेवढ्यात मागचं दार वाजलं. आमच्याकडे दार ठोठावून कोणी येत नाही, त्यामुळे ते मर्डोनं ठोठावलं हेच मला लागलं. तो उंबऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. काखेत फडक्यात गुंडाळलेला काकवीचा पाव.

"प्रवासाला," तो म्हणाला. "तिला नाही गिळवणार. पण गाडीत तुम्हाला भूक लागेल."

लॉकीनं मान वळवली नाही. "पाव टेबलावर ठेव मर्डो, आणि नीघ. इथं आज विसरभोळ्या माणसांचं काम नाही."

मर्डोनं पाव ठेवला. तो वळणार तोच आत्यानं खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक केलं, दोनदा. मग बाकाकडे बोट दाखवलं.

"आई, आत्ता नको."

टकटक, दोनदा.

मर्डो बाकाच्या टोकाला बसला. कोट काढला नाही. त्या घरात तो परक्यासारखा बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सहावं गाणं, सातवं. विसाव्याच्या वेळी आकडा खाली यायचा, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी उतरायचा. पंखा आता किंचाळत नव्हता, घोरत होता, आणि घोरताना मधेच श्वास हरवायचा. काडी टेकवून टेकवून माझं मनगट आखडलं. आठवं गाणं लांबलचक होतं, बुडालेल्या भावांचं. पट्टी अर्ध्यावर होती आणि पंखा थांबला.

मी ढकललं. हललाच नाही.

"बर्नी."

पुन्हा ढकललं. काडी घसरली आणि कार्डाच्या खाली अडकली. माझी बोटं तिथे शिरेनात.

"बर्नी, आकडा चढतोय. काय करतेयस तू?"

"काडी अडकली रे."

"काढ ती. काढ लवकर." लॉकीचा आवाज चिरकला. "पट्टी थांबली. बर्नी, पट्टी थांबली."

आतल्या दोन्ही डिस्क कट् कट् वाजू लागल्या, दार बंद झाल्यावर आतून कोणी कडी हलवावी तशा. मग माझ्या खांद्यावर एक जड हात आला आणि मला तिपाईवरून बाजूला सारलं. मर्डो गुडघ्यांवर बसला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून स्वतःची काडी काढली.

मी ती काडी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. चहाच्या डागानं तपकिरी झालेली, एक कोपरा दातांनी चावून मऊ केलेला. लॉकीनं त्या संध्याकाळी चुलीत टाकली ती पांढरी, कोरी होती. हे मला आठवलं. मर्डोची काडी त्या दिवशीही त्याच्या खिशातच होती. तो काही विसरला नव्हता.

 

मर्डोनं काडीचा चावलेला कोपरा बोंडाच्या कडेला लावला आणि नुसता ओढला, ढकलला नाही. पंखा अर्धा फिरला. पुन्हा ओढला. एक फेरा. तो कान पेटीला लावून ऐकत होता, डोळे मिटून. तिसऱ्या ओढीला पंख्यानं घरघरत फिरणं धरलं. अडकलेली माझी काडी त्यानं दुसऱ्या हातानं हलकेच सोडवून माझ्या ओटीत टाकली.

"ऐंशी," लॉकी म्हणाला. "एकोणऐंशी." मग कितीतरी वेळानं, "पट्टी हलली."

बुडालेले भाऊ एकेक करून बाहेर आले.

त्यानंतर तिपाई मर्डोचीच. लॉकीनं त्याला ये म्हटलं नाही, पण जाही म्हटलं नाही. ज्या काडीनं ऑक्टोबरभर पंखा थांबवला तीच काडी आता त्याला चालता ठेवत होती. पंखा थकला की मर्डो ओढायचा, धरला की सोडायचा. फेरी धक्क्याला लागताना दोर आवळावा, सैल करावा, तसंच काहीसं त्याच्या मनगटात चाललेलं. दिवस उतरत होता. खाडीचं पाणी शिसवी झालं होतं आणि आत्याचा चेहरा खिडकीच्या उजेडात मेणासारखा दिसत होता. तिची नजर स्क्रीनवर नव्हती. ती मर्डोच्या हाताकडे पाहत होती.

"दळणाचं, आलं," लॉकी म्हणायचा. "अंगाई, आली."

शेवटी टाळ्यांचं गाणं राहिलं. ते उतरत असताना पंखा चारदा थांबला आणि चारदा उठला. जळकट वास परत येऊ लागला. पट्टी शेवटाला पोचली तेव्हा लॉकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसाच बसून राहिला.

"आलं," तो हातांआडून म्हणाला. "सगळी आली, आई."

मी आत्याचे पाय चेपत होते, ते बर्फ झाले होते. म्हटलं, आता खिडक्या लावते. लॉकी म्हणाला, "थांब. अजून एक काहीतरी आहे इथं." तो स्क्रीनजवळ सरकला. "नाव नाही. भलंमोठं आहे, सगळ्या गाण्यांपेक्षा मोठं. हे कुठून आलं?" मग त्यानं स्वतःलाच उत्तर दिलं, "अच्छा. त्याच दिवसाचं. माझ्याकडून लाल बटण चुकून चालू राहिलं असणार. तासन् तास रिकामं स्वयंपाकघर. जाऊ दे, कचरा आहे. बंद करतो मशीन."

खुर्चीच्या हातावर टकटक झाली.

"आई, काही नाही त्यात."

टकटक. जोरात.

"अगं, चिप मरायला टेकलीय. रिकाम्या घरासाठी कशाला..."

"सकाळी निघालो तेव्हा तू बटण बंद केलं होतंस," मी म्हणाले. "मी पाहिलं."

लॉकी माझ्याकडे बघत राहिला. मर्डोच्या हातातली काडी क्षणभर थांबली आणि त्याबरोबर पंखाही अडखळला. त्यानं घाईनं ओढून धरला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आत्यानं स्क्रीनकडे बोट केलं. ते बोट खाली येत नव्हतं.

"बरं," लॉकी म्हणाला. "तुझी गाणी, तुझा हट्ट."

पट्टी सरकू लागली. गोगलगायीसारखी. आकडा पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. विसावा द्यायची सोय नव्हती, एकच अखंड तुकडा होता तो. पंखा थांबला, उठला, थांबला. मर्डोच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला. ब्याऐंशी. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, पंख्याशी बोलत होता की देवाशी, कळेना. पट्टी तिसऱ्या हिश्श्याशी आली. पंख्यानं एक लांब, बारीक आवाज काढला, दोरा तुटायच्या आधी ताणला जातो तसा, आणि पाती हलायची थांबली.

मर्डोनं ओढलं. पुन्हा ओढलं. पातं काडीबरोबर यायचं आणि काडी सोडली की तिथेच उभं राहायचं.

"मर्डो," लॉकी हळू म्हणाला. "पुरे. गोठला तो."

मर्डो तरी ओढत राहिला. मग लॉकीनं हात लांबवून मागचं बटण पाडलं, आणि बाकीचे पंखेही एकेक करून निवत गेले.

शांतता झाली. ऑक्टोबरभर हीच शांतता आम्ही एकेका गाण्यापुरती उसनी घेत होतो. आता ती सगळीच्या सगळी आमच्या पदरात येऊन पडली होती, आणि तिचं काय करावं कोणालाच कळत नव्हतं. मी उठून खिडक्या लावल्या.

"असू दे," लॉकी म्हणाला. "गाणी आली. गेला तो कचरा." तो उठला, गुडघे चोळले. आता भीती ओसरली होती आणि तिच्या जागी दुसरं काही वर आलं होतं. "पण मर्डो, आज तुझा हात नसता तर निम्मी गेली असती, ते मी मान्य करतो. आणि तुझ्या विसरण्यापायीच ही पाळी आली, हेही बोलल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आईच्या आवाजाशी खेळ झाला हा. एक काडी उचलायची होती तुला. एक काडी."

"बरोबर आहे," मर्डो म्हणाला. आपली काडी त्यानं खिशात ठेवली आणि टोपी उचलली.

टाळी वाजली. खुर्चीवरची टकटक नव्हे, दोन तळहातांची टाळी. आत्या घोंगड्यांतून उठून उभी राहिली होती.

"काडी माझी होती."

तो आवाज नव्हताच. वाळक्या पाचोळ्यावरून कोणी चालत यावं तसा खरखराट.

"आई, बोलू नकोस. श्वास राखून ठेव उद्यासाठी."

"उद्यापासून नाहीच बोलणार. आज ऐक." एका हातानं ती टेबलाला धरून होती. "तुम्ही गावात गेलात. मी पंखा थांबवला, हा थांबवतो तसा. लाल बटण दाबलं, तू दाबतोस तसं. आणि बसले. पहिल्या ओळीलाच गळा फाटायचा. मग पुन्हा. पुन्हा. अख्खी दुपार. मग थकले, वर जाऊन पडले. काडी तिथंच राहिली."

लॉकीनं मर्डोकडे पाहिलं. मर्डो टोपीच्या आतलं अस्तर वाचत होता.

"तुला ठाऊक होतं?" लॉकीनं विचारलं.

"माझी काडी खिशात होती," मर्डो म्हणाला. "दुसरी कोणाची असणार? घरात ती एकटीच होती."

"आणि तरी तू मला बोलू दिलंस? मी तुला घराबाहेर..." तो आईकडे वळला. "तू तरी का गप्प बसलीस? मी ह्याला काय काय बोललो."

"काडीचं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशासाठी."

"मग विचारतो. कशासाठी? असं काय गात होतीस?"

"एफी," मर्डो म्हणाला. "राहू दे आता."

"राहू दे," ती म्हणाली. "राहूच दिलंय आजवर. तू त्या समुद्राएवढ्या तळ्यांवर धान्याच्या बोटींवर गेलास, मी राहू दिलं. परत आलास तोवर माझा शब्द डूगलला दिला गेला होता, तेही राहू दिलं." तिनं लॉकीच्या गालाला हात लावला. "तुझा बाप भला होता रे. त्याच्या संसारात मी काही चोरलं नाही. पण एक कडवं माझ्याकडे राहिलं. ते मला यंत्रात ठेवायचं होतं. यंत्रही गेलं."

पुढे काय होणार हे मला कळलं, आणि माझ्या मानेवर थेंब उतरला, टेबलाखाली उतरायचा तसा. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि हळूहळू टाळ्या धरल्या. लॉकीनं नुसतं पाहिलं. मग तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आला आणि त्यानंही धरल्या. मर्डो दाराच्या कडीवर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत नव्हते.

आत्यानं श्वास भरून घेतला. सूर नव्हताच, नुसता खरखराट, पण टाळीवर बरोबर बसलेला.

"पाण्यावरून कोण येई,
एफीचा हात कोण घेई?
दोर सोडून मर्डो येई,
एफीचा हात मर्डो घेई."